लंबक आणि सातवीतली भाची

आज दुसरा शनिवार. भाचीला घेऊन पुणे विद्यापीठाच्या आवारात, आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत गेलो. शाळकरी मुलांचं व्याख्यान चंद्रशेखर सभागृहात. विद्यापीठ चौकातल्या गर्दीने नेहमीप्रमाणे आमची परीक्षा घेतली, त्यामुळे मागच्या रांगेत बसावं लागलं. ऐकू नीट आलं, एवढं पुरे.

खरी मजा नंतर. तिथला फुकोचा लंबक बघून बाईसाहेब हलेनात. "मामा, हा दिशा का बदलतोय?" म्हटलं, लंबक नाही, खालची जमीन फिरतेय. ध्रुवावर दिवसभरात फेरी पूर्ण होते, पुण्याच्या अक्षांशावर साधारण ७५ तास लागतात. "मग आपण मंगळवारपर्यंत थांबू!" (डबा एकच आणला होता, नाहीतर थांबलोही असतो.)

आयुकाच्या आतल्या चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइनस्टाइन यांचे पुतळे आहेत. तिने चौघांसोबत फोटो काढले. मला मात्र दरवेळी तिथल्या 'पुलस्त्य' इमारतीची पाटी बघून हसू येतं. सप्तर्षींतला तारा, आणि नावात पु. ल. सुद्धा! सुनीताबाईंच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या या इमारतीत मुलांची विज्ञान शोधिका आहे.

आता पुढे येतोय २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन. १९२८ साली याच तारखेला रामन परिणामाचा शोध लागला. त्या सुमारास आयुकाची दारं सगळ्यांना खुली असतात आणि नारायणगावजवळ खोडदलाही जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण बघता येते. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या! वेळापत्रक त्यांच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

खोडदला कोण कोण येतंय? माझ्या गाडीत दोन जागा आहेत. खिडकी भाचीची.