रामश्टाइनचा ‘मुटर’ आणि बागुलबुवाची अंगाई

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत, प्रेसशॉपमध्ये, म्हणजे पत्रा कापणाऱ्या यंत्रांच्या विभागात, माझी सोळा वर्षे गेली आहेत. त्यामुळे यंत्राच्या ठेक्यावर जड गिटारी वाजवणाऱ्या संगीताच्या ‘इंडस्ट्रियल मेटल’ या नावातला पहिला शब्द मला कुणाकडून समजून घ्यावा लागला नाही. पेडल दाबले की क्लच बसतो, रॅम, म्हणजे यंत्राचा वरखाली होणारा भाग, खाली येतो, पत्र्यातून पंच आरपार जातो आणि पायाखालची फरशी थरथरते. पण ज्याने दिवसभर प्रेस चालवली आहे त्याच्या कानात तो दणका राहत नाही, रॅम वर जाताना दोन दणक्यांच्या मध्ये जी अर्ध्या क्षणाची पोकळी पडते तीच राहते, कारण हात आत घालून तुकडा काढायचा असतो तो त्याच वेळी. रामश्टाइन या जर्मन बँडचा ‘मुटर’ हा अल्बम मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला ही पोकळी ओळखू आली. रिखार्ड क्रुस्पे आणि पाउल लांडर्स यांच्या गिटारी जोरात वाजतात हे कुणीही सांगेल, पण त्या एकाच वेळी, सुरी फिरवल्यासारख्या थांबतात, आणि त्या थांबण्यावर क्रिस्टोफ श्नायडरचा ड्रम अचूक उभा असतो. या संगीताचा सगळा दरारा त्या थांबण्यात आहे.

‘मुटर’ म्हणजे आई. आपला ‘मातृ’ आणि त्यांचा ‘मुटर’ हे एकाच मुळातून आलेले शब्द आहेत. हा बँडचा तिसरा अल्बम २ एप्रिल २००१ रोजी प्रसिद्ध झाला. त्याचे ध्वनिमुद्रण दक्षिण फ्रान्समधल्या मिराव्हाल स्टुडिओत झाले, निर्मितीत स्वीडनच्या जेकब हेलनरचा हात होता, आणि त्यात एकंदर ११ गाणी आहेत. बँडमधले सहाही जण पूर्व जर्मनीत वाढलेले. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

अल्बमची सुरुवात गिटारीने होत नाही. बाबेल्सबर्गच्या चित्रपट वाद्यवृंदाची व्हायोलिने हळूहळू भरत येतात आणि बँडचा गायक टिल लिंडेमान अगदी हलक्या आवाजात मुलांना सांगतो की नीट लक्ष द्या, मी तुमच्यासाठी काहीतरी आणले आहे. पूर्व जर्मनीत १९५९पासून रोज संध्याकाळी दूरचित्रवाणीवर मुलांना झोपवायला एक छोटा वाळूवाला बाहुला येत असे, आणि हे शब्द त्या कार्यक्रमातले आहेत. त्या पिढीतल्या प्रत्येकाने ते अंथरुणात पडून ऐकले असणार. ‘माइन हेर्त्स ब्रेंट’, म्हणजे माझे हृदय जळते, या पहिल्या गाण्यात मात्र तो प्रेमळ पाहुणा उशीतून बोलू लागतो आणि मुलांच्या स्वप्नांत शिरतो. आपल्याकडे ज्याला बागुलबुवा म्हणतात त्यालाच जणू अंगाई गायला बसवले आहे. त्यानंतर गिटारी येतात तेव्हा छातीत धस्स होते, कारण तोवर ऐकणारा पाच वर्षांचा झालेला असतो.

म्हणूनच मला असे ठामपणे वाटते की हा अल्बम मुळात लहान मुलाला रात्री वाटणाऱ्या भीतीचा आहे, आणि यंत्राचा ठेका ती भीती घट्ट धरून ठेवण्यासाठी आणलेला आहे. ‘झोने’ म्हणजे सूर्य, हे गाणे मुष्टियोद्धा व्हिताली क्लिच्को याच्या रिंगमधल्या प्रवेशासाठी योजले होते. त्यात एक ते नऊ आकडे मोजले जातात, पण दहा येत नाही. त्याच्या जागी ‘आउस’, म्हणजे संपले, असा शब्द येतो. पडलेल्या खेळाडूसमोर पंच मोजतो तशी ही मोजणी आहे, आणि बोटांवर आकडे शिकणाऱ्या मुलाचीही तीच आहे. त्या गाण्याच्या चित्रफितीत हिमगौरी आणि तिचे बुटके खाणकामगार येतात, हा योगायोग मला वाटत नाही. ‘श्पीलउअर’, म्हणजे संगीतपेटी, या गाण्यात तर मेल्याचे सोंग घेतलेल्या मुलाला लोक खरोखर पुरतात, हातात एक संगीतपेटी देऊन, पहिल्या बर्फाने त्याला जाग येते आणि मातीखालून येणारी ती किणकिण ऐकून अखेर त्याला बाहेर काढतात. त्या गाण्यात मांडीवर बसवून घोडा घोडा खेळवतानाचे जुने जर्मन बडबडगीत पेरलेले आहे. लिंडेमानचे वडील कवी होते आणि मुलांसाठी लिहीत असत, हे कळल्यावर मला त्याच्या शब्दांमधला साधेपणा अधिक उमगला.

‘लिंक्स त्स्वाय द्राय फिअर’, म्हणजे डावा, दोन, तीन, चार, या गाण्याविषयी थोडेच सांगतो. एका चित्रफितीत १९३६च्या ऑलिंपिकवरच्या नाझीकालीन चित्रपटातली दृश्ये वापरल्याने बँडवर उजवेपणाचा आरोप झाला होता. त्याला उत्तर म्हणून हे गाणे आले, आणि बुटांच्या संचलनाच्या ठेक्यावर ते सांगते की माझे हृदय डावीकडे धडधडते.

गिटारीच्या त्या खरखरीत आवाजाबद्दल माझ्या घरी पुष्कळ वाद झाले आहेत. मी नेहमी मिरजेचे उदाहरण देतो. तिथल्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढताना कारागीर घोडीचा माथा कानसेने किंचित घासतो, तार लावून पाहतो, पुन्हा घासतो, आणि एका क्षणी सरळसोट वाजणारी तार गुंजायला लागते, एका सुरात अनेक सूर उमलतात. गिटारीचे डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम आणलेली ती खरखर, विजेच्या साहाय्याने तारेच्या आवाजात असेच वरचे सूर भरते. दोन्हींची जात वेगळी आहे, पण भरीव नादाची भूक एकच आहे.

शीर्षकगीत मी एकदा रात्रपाळीहून आल्यावर स्वयंपाकघरात हळू आवाजात लावले होते. आई भाकरी थापत होती. शांत गिटारीवर नाभी नसलेल्या, कुणाच्याच पोटी न जन्मलेल्या मुलाची कैफियत चालू होती; ते मूल आईवर सूड उगवण्याची शपथ घेते आणि शेवटी तिच्याकडेच बळ मागते. आईला जर्मनचे एक अक्षर येत नाही. तो एकच शब्द पुन्हा पुन्हा आला तेव्हा पिठाचा हात तसाच ठेवून तिने विचारले, “का रे, हा आईला हाक मारतोय का?” मी हो म्हणालो. तिने गाणे संपेपर्यंत तव्यावरची भाकरी उलटली नाही.

शेवटचे ‘नेबेल’, म्हणजे धुके, हे गाणे मी कधीच घाईत ऐकत नाही. समुद्रकाठी दोघे जण एकमेकांना घट्ट धरून उभे आहेत, तिची वेळ भरत आली आहे, आणि लिंडेमानच्या आवाजाला एका स्त्रीचा आवाज साथ देतो. अल्बमभर मुठी आवळून गाणारा तोच माणूस इथे जवळजवळ कुजबुजतो की शेवटचे चुंबन फार पूर्वीचे झाले, आणि ते आता त्याला आठवतही नाही.