आवाज बसला

आज तिसऱ्या लेक्चरला 'व्यापारीकरण'मधल्या 'व्या'वरच आवाज गेला. नुसती हवा. समोर शंभरेक पोरं, वर पत्रा, पत्र्यावर रत्नागिरीचा जुलै. माईक दोन वर्षं 'दुरुस्तीला' आहे. पहिल्या बाकावरच्या मुलीने काही न बोलता पाण्याची बाटली पुढे केली.

दुपारी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. दुर्बीण घालून स्क्रीनवर दाखवलं: स्वरतंतूंच्या कडांना समोरासमोर दोन बारीक गाठी. बाई बोलते तेव्हा हे तंतू सेकंदाला साधारण 200 वेळा एकमेकांवर आपटतात म्हणे. वर गोंगाटात आपण नकळत आवाज चढवतो, त्याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात. मग माझे गुन्हे निघाले. सलग चार तास, खडूची धूळ, रात्रीची ॲसिडिटी, सारखं खाकरणं, पाणी कमी (स्टाफचं बाथरूम बघितलंत तर तुम्हीही कमीच प्याल). कुजबुजायचंही नाही, त्यानेही ताण येतो!

आठवडाभर मौन. सासूबाईंनी ज्येष्ठमधाची काडी हातावर ठेवली, "आता तरी गप रव."

ऑफिसात अर्ज दिला तर क्लार्क म्हणाले, "मॅडम, ताप नाही ना? मग उद्या या. फळ्यावर लिहून द्या."

म्हणजे परत खडूच.