झोपेत दात खाणाऱ्यांसाठी

आजच्या ओपीडीत पुन्हा तेच: "थंड पाणी झोंबतं, दाढ किडली असणार." कीड कुठेच नाही. सुळ्यांची टोकं सपाट, दाढांचे उंचवटे घासलेले, जिभेच्या कडेला दातांचे ठसे. सकाळी कानशिलं दुखतात का, विचारलं की मान हलते. झोपेत दात खाल्ल्याची ही लक्षणं. झिजलेलं एनॅमल (दातावरचं कडक आवरण) परत येत नाही. खालचं पिवळसर डेंटिन उघडं पडतं आणि दात सळसळतात.

नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचा साचा, सवय मोडत नाही, फक्त दात वाचवतो. मापाचा, कडक ॲक्रिलिकचा, साधारण २ मिमी जाडीचा करून घ्या. मऊ गार्ड काही जण रात्रभर चावत बसतात, मग जबडा आणखी दुखतो. धुवायचा गार पाण्यानेच, गरम पाण्याने आकार बिघडतो.

दिवसा ओठ मिटलेले, दात मात्र २-३ मिमी सुटे हवेत. संध्याकाळनंतर कॉफी, दारू टाळा. जोडीला घोरणं असेल तर झोपेची तपासणी करा. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही हे वाढतं; गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगा.

आणि पोरगं दात खातं म्हणून लगेच जंताचं औषध? तसा थेट संबंध नाही. कायमचे दात येता येता बहुतेक मुलांचं ते आपोआप थांबतं.