आखणी शेवटच्या रात्रीपासून करा

एमडी भूलशास्त्राचं वेळापत्रक आखताना बहुतेक ठिकाणी पहिल्या महिन्यापासून सुरुवात होते. मिरज-सांगली किंवा कऱ्हाडकडच्या विभागाने उलटं जावं, असं मला ठामपणे वाटतं. पास झालेला डॉक्टर उद्या जत किंवा पाटणला रात्री दोन वाजता एकटा असेल. तेव्हा टेबलावर कोण येईल ते आधी लिहा: अडलेली बाळंतीण, गळीत हंगामात ट्रॉलीखाली सापडलेला भरल्या पोटाचा माणूस, कीटकनाशक प्यायलेला शेतकरी.

हा शेवटचा पेशंट पहिल्या वर्षातच शिकवायला हवा. कीटकनाशकातल्या ऑर्गनोफॉस्फरसने प्लाझ्मा कोलिनेस्टरेज, म्हणजे स्कोलीन मोडणारं रक्तातलं विकर, बंद पाडलेलं असतं. श्वासनलिकेत ट्यूब टाकायला सवयीने स्कोलीन (स्नायू सैल करणारं औषध) दिलं, तर मिनिटांत उतरणारं औषध तासन्‌तास उतरत नाही. इथे त्याऐवजी रोक्युरोनियम, किलोला 1 ते 1.2 मिलिग्रॅम.

सिझरच्या स्पायनलमध्ये (पाठीतून दिलेल्या भुलीत) सुई सगळेच शिकवतात, पुढची दहा मिनिटं मात्र राहून जातात. उजव्या कुशीखाली उशी, दर मिनिटाला बीपी, आणि बीपी चढवणारं फिनाइलेफ्रिन आधीच पातळ केलेलं. अँप्यूलमध्ये 10 मिलिग्रॅम असतं; ते 100 मिली सलाइनमध्ये घातलं की 1 मिलीत 100 मायक्रोग्रॅम. बीपी पडल्यावर घाईत अँप्यूल फोडून तसंच भरलं की चूक थेट शंभरपट होते. म्हणून सिरिंजला लेबल लावल्याशिवाय औषध भरू द्यायचं नाही.

लॉगबुकातला, म्हणजे केलेल्या केसेसच्या नोंदवहीतला, नुसता आकडा फसवा असतो. 1998 साली कोनराड आणि सहकाऱ्यांनी शिकाऊ डॉक्टरांचे हात मोजले, तेव्हा नव्वद टक्के यशाला ट्यूबसाठी सरासरी 57 आणि स्पायनलसाठी 71 प्रयत्न लागले होते. सगळ्यांचा हात एकाच महिन्यात बसत नाही. तेव्हा आकड्याशेजारी एक रकाना वाढवा: सिनिअर हातमोजे घालून शेजारी होते, ओटीत होते, की फोनवर?

जिल्हा निवासी कार्यक्रमाचे (शिकताना जिल्हा रुग्णालयात काम करण्याचे) तीन महिने तिसऱ्या ते पाचव्या सत्रात कधीही देता येतात. रोस्टर भरायला सोयीचं म्हणून तिसऱ्यातच पाठवू नका. त्या रकान्यात ‘फोनवर’ पुरेसं दिसू लागलं की पाठवा. जाण्याआधी ट्यूब न जाण्याचा सराव मॅनिकिनवर करून घ्या: सिझरला दोन प्रयत्न, मग एलएमए (घशात बसवायचा श्वासाचा मास्क), आणि मदतीची हाक पहिला प्रयत्न फसताच. व्हिडिओ लॅरिंगोस्कोप (घसा पडद्यावर दाखवणारं उपकरण) कपाटात ठेवून, साधं मॅकिन्टॉश ब्लेड आणि बुजी (ट्यूबला वाट दाखवणारी लवचिक कांडी) घेऊन.