एकाच प्रवासात दोनदा मंगळवार

आज न्यूयॉर्कला उतरले. सिंगापूरहून मंगळवार लागताच मध्यरात्री उडालो आणि पोहोचलो मंगळवारीच, सकाळी साडेसहाला. मध्ये तब्बल साडेअठरा तास गेले!

दोन विमानतळांमधलं सरळ अंतर सुमारे १५,३०० किलोमीटर. ताशी ९०० चा वेग धरला तर सतरा तास होतात. पण पृथ्वीच्या गोलावर ही सगळ्यात जवळची वाट उत्तर ध्रुवाजवळून जाते. आमचं विमान मात्र पॅसिफिकवरून गेलं. वाट लांबची, पण तिथे पश्चिमेकडून पूर्वेला वाहणारे जोरदार वारे पाठीशी असतात. समोरच्या पडद्यावर वेग ताशी १,०८० दिसला, तेव्हा मी कितीतरी वेळ त्या आकड्याकडेच बघत बसले.

शेजारच्या काकू पहिल्यांदाच नातवाला भेटायला निघाल्या होत्या. खिडकीबाहेर उजाडलं, मावळलं, तसं त्यांनी हळूच विचारलं, "अगं, आज वार कुठला?" काही तासांपूर्वी आंतरराष्ट्रीय वाररेषा, म्हणजे पॅसिफिकमधली वार बदलणारी काल्पनिक रेषा, ओलांडली होती, त्यामुळे आम्ही मंगळवारातून परत सोमवारात आलो होतो. कागदी रुमालावर गोल काढून समजावलं. त्या खुदकन हसल्या, "म्हणजे उपास दोनदा धरायचा का गं?" याचं उत्तर मला खरंच देता आलं नाही.

उतरताना तो रुमाल त्यांनी नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला. नातवाला दाखवणार आहेत.