पटावरची शाळा

सेवानिवृत्त होऊन मला काही वर्षे झाली, तरी लग्नकार्यात, एसटीच्या थांब्यावर किंवा बँकेच्या रांगेत कोणी ना कोणी गाठून तेच विचारतो. एका दमात विचारलेल्या त्या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न असतात : खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळा नेमके कोण चालवते, आणि त्या खरोखर चालतात का? बीड जिल्ह्यातल्या एका डोंगरी तालुक्यात मी नऊ वर्षे केंद्रप्रमुख होतो, त्यामुळे उत्तर माझ्या खिशातच असेल असे लोकांना वाटते. ‘सरकार चालवते, आणि बऱ्यापैकी चालतात’ एवढे सांगून आजवर मी वेळ मारून नेली. तुम्ही सवडीने बसून विचारलेत, म्हणून सविस्तर सांगतो.

माझा एक भाचा अमेरिकेत राहतो. त्याच्या भागातल्या थोड्याशा शाळांचा मिळून एक स्वतंत्र शैक्षणिक जिल्हा आहे. त्याचे मंडळ लोक मतदानाने निवडतात, घरजमिनीवरच्या करातला मोठा वाटा त्या मंडळाकडे येतो आणि प्रमुख अधिकारीही तेच मंडळ नेमते. त्यामुळे शाळेबद्दल तक्रार असली की कोणाचे दार वाजवायचे हे तिथल्या माणसाला ठाऊक असते. आपल्याकडे दारे पुष्कळ आहेत.

जिल्हा परिषदा १९६१ च्या कायद्याने आल्या आणि १ मे १९६२ पासून कामाला लागल्या. पश्चिम महाराष्ट्रातली जुनी माणसे अजून ‘लोकल बोर्डाची शाळा’ म्हणतात. आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यात असल्यामुळे तो शब्द आमच्याकडे रुजला नाही, मात्र निजामाच्या काळातल्या वर्गखोल्या उरल्या आणि पावसाळ्यात त्यांत मुले बसवताना जीव टांगणीला लागत असे. जिल्ह्याला शिक्षणाधिकारी, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, त्यांच्या हाताखाली बीटाचे, म्हणजे काही केंद्रांच्या गटाचे, विस्तार अधिकारी आणि सर्वांत खाली दहा-बारा शाळांमागे एक केंद्रप्रमुख, अशी ही उतरंड आहे. केंद्रप्रमुखाचे पद १९९४ च्या शासननिर्णयातून निर्माण झाले. शाळाशाळांत जाऊन शिक्षकांना अध्यापनात मदत करणे हे त्याचे काम ठरले होते. माझ्याकडे अकरा शाळा होत्या, आणि शेजारच्या केंद्राचे पद रिक्त असल्यामुळे त्याचा अतिरिक्त कार्यभारही मधली दोन वर्षे माझ्याकडेच होता.

आता एखाद्या वस्तीवरच्या चौथीपर्यंतच्या शाळेत उभे राहून पाहा. शिक्षकाचा पगार राज्य शासनाचा, नेमणूक जिल्हा परिषदेची, पुस्तके बालभारतीची, दुपारच्या खिचडीचा तांदूळ केंद्र सरकारचा, दर मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम. खिचडी शिजवणारी बाई गावातली. तिचे मानधन अलीकडेपर्यंत महिना दीड हजार होते, आता अडीच हजार आहे. वर्षाचे संयुक्त शाळा अनुदान समग्र शिक्षा योजनेतून येते आणि तीसपर्यंत पट, म्हणजे नोंदलेली मुले, असलेल्या शाळेला ते दहा हजार रुपये असते. खडू, झाडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, सारे त्यातच बसवायचे. देखरेखीसाठी शाळा व्यवस्थापन समिती आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. कागदावर ही समिती शाळेचा विकास आराखडा करते. प्रत्यक्षात शिक्षक नेमणे, बदलणे किंवा थांबवून ठेवणे यांपैकी एकही गोष्ट तिच्या हाती नाही. ज्या जिल्हा परिषदेच्या हाती काही प्रमाणात ती आहे, तिथे २०२२ मध्ये सदस्यांची मुदत संपली, निवडणुका लांबत गेल्या आणि बहुतेक जिल्ह्यांचा कारभार दीर्घकाळ प्रशासकांनी पाहिला. म्हणजे शाळेबद्दल मत मागायला येणारा माणूसच मधली काही वर्षे नव्हता.

इतकी सगळी माणसे शाळा चालवतात असे म्हणता येईल, पण माझा अनुभव वेगळा आहे. शाळा चालवतो तो पट. ३० सप्टेंबरची विद्यार्थिसंख्या धरून संचमान्यता होते, म्हणजे त्या शाळेला किती शिक्षक द्यायचे हे ठरते. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्टाव्या मुलाला तिसरा. अनुदान पटावर, तांदूळ पटावर, शाळा टिकणार की नाही तेही पटावर. जूनमध्ये शिक्षक वाड्यावस्त्यांवर हिंडून मुले गोळा करतात, त्याला आम्ही ‘पट वाढवणे’ म्हणतो, आणि इंग्रजी शाळेची पिवळी गाडी ज्या वर्षी गावात शिरते त्या वर्षी मुख्याध्यापकाची झोप उडते ती याच कारणाने.

दोन शिक्षकांची शाळा म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाच्या लवकर लक्षात येत नाही. चार इयत्ता, दोन खोल्या आणि दोघांपैकी एकजण मुख्याध्यापकाचा कार्यभार सांभाळणारा. पोषण आहाराची रोजची नोंद, यू-डायस आणि सरल या संगणक प्रणालींत भरायची शाळेची व मुलांची माहिती, आधारची जुळणी, निवडणुकीच्या याद्या आणि व्हॉट्सअॅपवर ‘आज दुपारी बारापर्यंत तात्काळ’ या शीर्षकाने येणारे टपाल. दुसरा शिक्षक रजेवर गेला की चारही इयत्ता एका आवाजाच्या टप्प्यात बसतात. हे टपाल खाली पाठवणाऱ्यांत मीही होतो, हे कबूल केले पाहिजे. वर्गात बसून पाठ पाहण्यासाठी म्हणून मी शाळेत जात असे आणि अनेकदा शेरेबुकात दोन ओळी लिहून, पुढच्या शाळेची माहिती राहिली म्हणून, निघून येत असे.

आमच्या भागात याला आणखी एक पदर आहे. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यांच्याबरोबर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, शेळी, कोंबड्या आणि मुलेही जातात, ती मार्च-एप्रिलपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्याच्या आसपास कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतात. पटाची मोजणी सप्टेंबरअखेर होते, तेव्हा वर्ग भरलेला असतो. नोव्हेंबरात त्याच वर्गात निम्मी मुले उरतात आणि मुलांना किती येते हे तपासणारी देशभरातली संपादणूक सर्वेक्षणे नेमकी तेव्हा येतात : २०२१ चे राष्ट्रीय सर्वेक्षण १२ नोव्हेंबरला झाले, २०२४ चे, ‘परख’ नावाचे, ४ डिसेंबरला. ज्या मुलांना शाळेची सर्वांत जास्त गरज आहे ती त्या दिवशी बेंचवर नसतात, त्यामुळे निकालातही नसतात. शाळेचा आकडा त्यांच्यावाचून बरा दिसतो, आणि मार्चनंतर ती परतली की शिक्षकाला खरा वर्ग दिसतो.

यावर उपाय म्हणून हंगामी वसतिगृहे काढली गेली. नाव वसतिगृह असले तरी बहुतेक ठिकाणी मुले रात्री आजीआजोबांकडेच निजत आणि दोन वेळच्या जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समिती करत असे. आजी धडधाकट असली तर मूल राहते, नसली तर जाते. बहुतेक प्रसंगी निर्णय एवढ्यावरच होत असे. मोठ्या मुलींना धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी नेले जाई आणि त्यांच्या आयांना समजावण्यासाठी माझ्याकडे कोणताही युक्तिवाद नव्हता. जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड दिले जाते, जेणेकरून जिथे जाईल तिथल्या शाळेने त्याला बसवून घ्यावे. काही शाळा बसवून घेतात. पण कोपी आज एका फडाजवळ आणि महिन्याने दुसऱ्या, तेव्हा कार्ड बहुधा दप्तरात घडी घातलेलेच परत येई.

आता दुसरा प्रश्न : या शाळा चालतात का? एखाद्या शाळेत तिसरीत चार मुले असतात. त्यांतल्या एकाला वाचता आले नाही की शाळेचा निकाल पंचाहत्तर टक्के. ते मूल ऊसतोडीला गेले की शंभर. इतक्या लहान शाळांना टक्केवारीने तोलून त्यांची क्रमवारी लावणे मला कधीच पटले नाही, तरी तक्ते मी भरले. एकत्रित चित्र मात्र लपवण्यासारखे नाही. प्रथम संस्थेच्या ‘असर’ या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये २०.९ टक्के होती, करोनानंतर २०२२ मध्ये ती १६.३ टक्क्यांवर घसरली आणि २०२४ मध्ये २३.४ टक्क्यांपर्यंत आली. चढ खरा आहे. पण चारांपैकी तीन मुलांना तो मजकूर वाचता येत नाही, हेही त्याच आकड्यात आहे. माझ्या केंद्रातल्या तांड्यांवर घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणारे मूल पहिलीत मराठी पुस्तकासमोर बसते तेव्हा त्याला अक्षर आणि भाषा अशा दोन गोष्टी एकदम शिकायच्या असतात. एका शिक्षिकेने पहिले तीन महिने स्वतः गोरमाटी शिकून घेतली होती. त्या शाळेतली दुसरी मी पाहिलेल्या सर्वांत चांगले वाचणाऱ्या वर्गांपैकी एक होती. पुढे त्या बाईंची बदली झाली.

बदल्यांविषयी थोडे बोलले पाहिजे. २७ फेब्रुवारी २०१७ च्या धोरणापासून त्या संगणकावर होऊ लागल्या आणि पूर्वी पुढाऱ्यांच्या वाड्यावर घालाव्या लागणाऱ्या खेपा कमी झाल्या, याचे श्रेय दिलेच पाहिजे. पण अवघड क्षेत्रात तीन वर्षे काढली की बदली मागण्याचा हक्क मिळतो आणि माणूस तो वापरतोच. मीही वापरला असता. मुलांच्या आईवडिलांची नावे पाठ होईपर्यंत शिक्षक निघून जातो. त्यातच मे २०१२ पासून भरतीवर बंदी आली आणि शासनाच्या ‘पवित्र’ या ऑनलाइन भरती प्रणालीतून शिक्षक मिळू लागले ते २०१९ मध्ये. मधल्या काळात निवृत्त झालेल्यांच्या जागा तशाच राहिल्या.

लोक मला सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांचे उदाहरण देतात, ज्यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला; कोणी पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या नावाजलेल्या शाळेचे देते. दोन्हींचा मला अभिमान आहे. तरी अधिकारी म्हणून मला जास्त शिकवले ते साताऱ्याच्या कुमठे बीटाने. तिथे विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी एक शाळा न निवडता अख्खे बीट घेतले, फरशीवर आखलेल्या चौकटी, काड्या, चिंचोके अशा साहित्यातून मुलांना स्वतः शिकू दिले, आणि राज्यभरातून शिक्षक ते पाहायला जाऊ लागले. आमच्याकडूनही एक जीपभर शिक्षक गेले. परतल्यावर सर्व शाळांच्या फरशा रंगल्या. मुले त्या चौकटींवर बसली ती मात्र तीनच शाळांत. उरलेल्या ठिकाणी रंग मोठा छान दिसत असे.

लहान शाळा बंद करण्याचे वारे मध्येच सुटतात. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळांची यादी निघाली होती. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळांसाठी समूह शाळांची, म्हणजे आसपासच्या लहान शाळा एकत्र करण्याची, कल्पना पुढे आली. पाच मुलांच्या शाळेत लंगडी खेळायलाही गडी पुरत नाहीत, हे मी पाहिले आहे, म्हणून समूह शाळेला माझा सरसकट विरोध नाही. पण कायद्याने प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी लागते, आणि आमच्याकडे तो किलोमीटर ओढा ओलांडून मोजायचा असतो. गाडी येईल असे सांगतात. गाडी न आलेल्या दिवशी मुलगा चालत जाईल आणि मुलगी घरी राहील.

माझ्या शेवटच्या वर्षी अशाच एका तांड्यावरच्या शाळेत डिसेंबरात गेलो होतो. हजेरीपटावर सव्वीस नावे होती, समोर अकरा मुले. गैरहजर मुलांच्या नावांपुढे शिक्षकाने पेन्सिलीने कारखान्याचे गाव आणि मुकादमाचा फोन नंबर लिहून ठेवला होता. रविवारी तो एकेका नंबरावर फोन करून मुलांना पाढे विचारत असे. या कामासाठी कोणत्याही नमुन्यात रकाना नाही. मी शेरेबुकात नेहमीच्या दोन ओळी लिहिल्या, मग खुर्ची पुढे ओढून तिसरीच्या चार मुलांकडून धडा वाचून घेतला. तिघांनी वाचला.