एका बोटाएवढी जागा

“मॅडम, अमेरिकेच्या नेव्ही सील कमांडोंचं ट्रेनिंगच जगात सगळ्यात अवघड न्हवं?” तपासणीच्या टेबलावर पाय पसरून पोरगं विचारत होतं. वय एकोणीस, गाव गडहिंग्लजकडचं. सोबत दोन मित्र आणि पॅरा एसएफ या आपल्या लष्कराच्या कमांडो दलातून निवृत्त झालेले मामा.

मी कोल्हापुरात फिजिओथेरपिस्ट आहे. भरतीची पोरं रोजच येतात, त्यामुळे १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत आणि १० पुलअप्स हा हिशेब मलाही पाठ झालाय. याला मात्र थेट मामांसारखं कमांडो व्हायचं होतं. त्यासाठी दोन महिने पाठीवर वाळूची पिशवी घेऊन तो डांबरी रस्त्यावर पळत होता. तीन आठवडे नडगी दुखत होती, पण घरात कुणाला पत्ता नव्हता.

मित्रांचं चालूच होतं. एक म्हणाला, सीलचा हेल वीक: साडेपाच दिवस, सगळी मिळून जेमतेम चार तास झोप, अंगावर थंडगार समुद्र. दुसरा म्हणाला, ब्रिटिश कमांडोंची एसएएस भारी. तिकडं वेल्सच्या डोंगरात ओझं घेऊन ६४ किलोमीटर, वेळ २० तास. मग किती टक्के पोरं गळतात यावरून जुंपली.

“टक्क्यावर काय ठरतंय?” मामा पहिल्यांदाच बोलले. “दारात कोण हुबा ऱ्हातोय ते बघा की. एसएएसच्या निवडीला आधीच फौजेत असलेला गडी जातो. सीलला नवं पोरगं भरती होऊन, सुरुवातीचं ट्रेनिंग संपवून जाऊ शकतं. दोन्हीकडचा टक्का एका तराजूत कसा घालणार? आमच्या पॅरा एसएफचं प्रोबेशन, म्हंजे पारखायचा काळ, ९० दिवसांचा. तेबी निराळंच.”

मला ते फार पटलं. सीलमध्ये डोक्यावर रबरी होडी घेऊन सगळ्यांनी मिळून पळायचं, वर प्रशिक्षकांची आरडाओरड. वेल्सच्या त्या चालीत तुम्ही, नकाशा आणि होकायंत्र. शिवी देणारं कुणी नाही, शाबासकी देणारंही नाही. पाण्याला भिणारा एकीकडे गळेल, सोबतीशिवाय न चालणारा दुसरीकडे.

बोलता बोलता मी नडगीच्या आतल्या कडेवरून बोट फिरवत होते. स्नायूचं दुखणं असेल तर वीतभर पट्टा दुखतो. इथं एका बोटाएवढ्या जागेवर पोरानं टेबलाची कड घट्ट धरली. त्या पायावर एक लंगडी घालायला सांगितली, तर पांढराफटक पडला. मला हाडाच्या चिरेची शंका आली.

१८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरनं लांब चाल करणाऱ्या सैनिकांचे सुजलेले पाय नोंदवले. ती हाडांची बारीक चीर असते, हे क्ष-किरण आल्यावर कळलं. ताण वाढला की हाड आधी थोडं झिजतं, मग नवं भरतं. भरायला सवड दिली नाही की चिरतं.

“दुखत होतं तर बोलला का नाहीस?”

“हेल वीकमध्ये मोडक्या पायानं पळत्यात म्हणं.”

मला राग आवरला नाही. अरे, तिथं डॉक्टर रोज तपासतात, दुखापत झालेल्याला पुढच्या तुकडीत पुन्हा घेऊ शकतात. तुझ्याकडे कोण बघत होतं? जुलै २०१३ मध्ये वेल्समधल्याच ब्रेकन बीकन्सच्या डोंगरात एसएएसच्या राखीव दलाच्या निवडीत तिघे उन्हाच्या तडाख्यानं गेले. त्यांच्याजवळ ठावठिकाणा दाखवणारी यंत्रं होती, तरीही. चौकशीत निष्काळजीपणा हे एक कारण ठरलं. हे सांगितल्यावर मित्रही गप्प झाले. मामा भाच्याच्या पायाकडे बघत राहिले.

एक्स-रे स्वच्छ आला. सुरुवातीला बहुतेक वेळा तसाच येतो, म्हणून एमआरआयचा हट्ट धरला. संध्याकाळी रिपोर्ट आला: चीर होती, पण आतल्या बाजूला, भरून येण्यासारखी. सहा ते आठ आठवडे पळणं बंद, असं मी फोनवर सांगितलं.

बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग, “मॅडम, पवायला चालंल काय?”

“दुखणं थांबलं की चालेल. पण दुखलं तर त्याच दिवशी मला फोन.”

“करतो,” म्हणाला. आणि मागून मामांचा आवाज आला, “न्हाई केला तर मी करतो.”